सोन्याचा गोठा

मामांच्या घरी गोठा होता. तिसऱ्या मजल्यावर, झोपायच्या खोलीत, लोखंडी कपाटात. त्यात एक पांडा होता, एक कांगारू, एक गरुड, एक रानरेडा, एक सिंह, एक हरीण, एक घोडा आणि एक हत्ती. सगळे सोन्याचे, सगळे गोल, चहाबरोबरच्या बिस्किटापेक्षा लहान.

ही लांबलांबच्या देशांच्या टांकसाळींत पाडलेली नाणी. अशी नाणी लोक सोनं साठवायला घेतात, त्यांची किंमत वजनावर ठरते आणि मागच्या बाजूला कोणतं जनावर आहे याच्याशी सहसा कुणाला देणंघेणं नसतं. मामांना फक्त जनावराशी देणंघेणं होतं. त्यांनी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले. दुकानादुकानांतून फिरून, काटा किती खोटं बोलतो ते पाहून, त्याला खरं बोलायला लावण्याचं काम. त्यामुळे वजनाचा त्यांना वीट आला होता. ओव्हरटाइमचे पैसे साठले की एक जनावर घरात यायचं आणि घरातली एखादी वस्तू पुढच्या वर्षावर जायची. पांडाकडे बोट दाखवून मामी म्हणायची, "हे आमचं वॉशिंग मशीन."

'गोठा' हा शब्दही तिचाच. सुताराकडून मामांनी एक सपाट खण करून घेतला होता. हिरव्या कापडात गोल खळगे, प्रत्येक खळग्यात पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेलं एकेक नाणं. तो खण पहिल्यांदा घरी आला तेव्हा मामी म्हणाली, "झाला गोठा. आता चारापाणी कोण करणार?" ती टोमणा म्हणून बोलली, पण मामांना शब्द आवडला आणि तो घरात राहिला. दुभती जनावरं असलेल्या माणसाला घर सोडून जाता येत नाही, तसंच या घराचं झालं. दोघांपैकी एकानं कायम घरी थांबायचं. भाजी आणायला एकजण, दवाखान्यात एकजण, लग्नाला एकजण. बँकेच्या लॉकरचा विषय निघाला की मामा म्हणत, "कुलपातच ठेवायचं तर पाळायची कशाला? रोज तोंड दिसायला नको?"

त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, रेल्वेनं एका रात्रीवर. तिच्या बाळंतपणाला मामी गेली, मामा गोठ्यावर राहिले. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मामा गेले, मामी गोठ्यावर. पुढेही तसंच. आता नात शाळेत जायला लागली होती. एकदा फोनवर तिनं मामीला विचारलं, "आजी, तू आमच्या आजोबांना ओळखतेस का गं?"

मामीनं हे मला हसत सांगितलं. सांगता सांगता हसणं थांबलं आणि ती पदराचं टोक उगाच सरळ करत बसली. मग म्हणाली, "एकदा दोघांनी मिळून तिच्या दारात उभं राहायचंय मला. एकदाच. मग बसते इथं मरेपर्यंत राखण करत."

ते जमण्याची चिन्हं दिसली मामांच्या डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होते. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं ओळीनं झाली, आणि डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीत काळा चष्मा काढून टाका, कुठंही जा, असं सांगितलं. मामीनं डॉक्टरांच्या तोंडून ते 'कुठंही जा' दोनदा वदवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवसाची तिकिटं काढली. दोन. राखणीला मला बोलावलं. मी रसायनशास्त्रात एमएस्सी झाले होते, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतलं माझं कंत्राटी काम नुकतंच संपलं होतं आणि आठवडाभर दुसऱ्याच्या घरी बसायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मामांनी फोनवरच माझी मुलाखत घेतली.

"शास्त्रज्ञबाई, सोनं कशात विरघळतं?"

"अम्लराजात."

"ते तुझ्याकडे आहे?"

"नाही, मामा."

"मग राहा."

निघायच्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा मामीनं नवी चप्पल घरातच घातली होती. चावते का ते बघत होती म्हणे. दोन बॅगा दाराशी होत्या, वर पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी. तिनं मला गॅस, नळ, दाराची कडी असं सगळं दाखवलं. सगळं दोनदा. तिचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. मी विचारलं, झोप झाली नाही का. ती म्हणाली, "झोप कसली होतेय. मी गाढ झोपले की ह्यांना जागं राहावं लागतं, म्हणून मी कुशीवर झोपते आणि एक कान उघडा ठेवते. इतक्या वर्षांनी आता तो कान मिटतच नाही."

आतून मामांची हाक आली. हाक माझ्या नावानं नव्हती.

"शास्त्रज्ञबाई! आधी इकडे ये."

खण बाहेर काढून पलंगावर ठेवला होता. हत्तीची डबी मात्र टेबलावर, स्वच्छ रुमालावर, दिव्याखाली. मामांच्या हातात काट्यांच्या कामाचं जुनं भिंग होतं. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, घरात कुणाला तरी काहीतरी झालंय.

"बघ. मागच्या पायाशी."

मी पाहिलं. हत्तीच्या मागच्या पायाच्या नखाजवळ एक तांबूस ठिपका होता, खसखशीच्या दाण्याएवढा, कडेला जरा नारिंगी.

"सोनं गंजलं," मामा म्हणाले.

"सोनं गंजत नाही, मामा."

"मग हे काय आहे? कुंकू लावलंय मी त्याला?"

मी भिंग फिरवून निरनिराळ्या कोनांतून पाहिलं. ठिपक्यावरून चमक सरळ जात होती, अडत नव्हती. म्हणजे तो वर बसलेला नव्हता, पृष्ठभागात होता. मी सांगायला लागले. हे नाणं जवळजवळ शुद्ध सोन्याचं, पण 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा. ठसा मारायच्या आधी सोन्याच्या चकतीवर तांब्याचा किंवा चांदीचा एखादा कण पडला असेल आणि ठशाखाली दाबला गेला असेल. सोन्याला हवेनं काही होत नाही, पण त्या कणाला होतं. तो हळूहळू रंग बदलतो. असे ठिपके शुद्ध सोन्याच्या नाण्यांवर दिसतात, त्यात नवल नाही. वजनात तसूभरही फरक पडत नाही.

"वजनाचं मला सांगू नकोस. मी काय इथं किराणा भरून ठेवलाय?"

"नाही, पण..."

"कण टांकसाळीत पडला म्हणतेस? म्हणजे जन्मखूण?"

"हो. जन्मखूणच म्हणा."

मामांनी डबी डोळ्यांजवळ नेली. त्यांचे नवे डोळे फार स्वच्छ दिसत होते, लहान मुलाच्या डोळ्यांसारखे. "जन्मखूण वाढत नाही," ते म्हणाले. "हा वाढतोय."

"वाढतोय कशावरून?"

"आधी नव्हता."

"आधी तुम्हाला दिसत नव्हता."

माझ्या तोंडून ते पटकन निघून गेलं, पण बोलल्यावर मलाच त्यातलं शास्त्र आवडलं. मोतीबिंदू झालेलं डोळ्यातलं भिंग पिवळट, तपकिरी होत जातं. पिवळ्या काचेतून पिवळं सोनं बघायचं, त्यावरचा तांबूस ठिपका कसा वेगळा पडणार? ते भिंग काढून डॉक्टरांनी नवं बसवलं आणि मामांना रंग परत मिळाले. मी हे मोठ्या उत्साहानं समजावत होते. माझं बोलणं ऐकायला मामी दारात येऊन उभी राहिली होती, ते मला उशिरा कळलं.

"तो डाग जुना आहे," ती म्हणाली.

मामांनी मान वळवली. "तुला काय माहीत?"

"डब्या कोण पुसतं आठवड्याच्या आठवड्याला?"

"कधीपासून आहे?"

"ताईच्या लग्नाच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर लग्नात उभे राहिला असता तुम्ही? भिंग घेऊन इथंच बसला असता." तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला रस्ता सांगावा तसं ती सांगत होती. "तुमचे डोळे तेव्हाच मंदावायला लागले होते, नंतर तर दिसेनासंच झालं. म्हटलं, बरंच झालं. हत्तीची तब्येत उत्तम आहे, असं समजून सुखानं राहा."

मामा खुर्चीत मागे टेकले. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हा हत्ती सगळ्यांच्या शेवटी दाखवला होता, आणि दरवेळी 'ह्याच्यात एक खोट काढून दाखवा' असं आव्हान दिलं होतं. कुणीच काढली नव्हती. आता त्या सगळ्या पाहुण्यांचे चेहरे ते आठवत असावेत.

"म्हणजे लोकांनी बघितला असेल," ते म्हणाले.

"बघितला असेल. चहा पिऊन गेले."

"तू हसतेस?"

"हसायला अंगात जोर लागतो, अहो. टॅक्सी येईल आता. हातपाय धुऊन घ्या."

मामा उठले नाहीत. त्यांनी डबी पुन्हा दिव्याखाली सरकवली आणि भिंग लावलं. मला ओळखीची वाटली ती मान, कारण प्रयोगशाळेत मीही अशीच तासन्‌तास वाकून बसायचे. निरीक्षण चालू असताना जग थांबलेलं असतं, निदान बघणाऱ्याला तसं वाटतं.

"अहो."

"तू जा ह्या खेपेला," मामा मान न उचलता म्हणाले. "मी थांबतो. हे असं टाकून कसं जायचं? दुसऱ्यांना लागलं तर? पांडा शेजारीच असतो त्याच्या."

"मामा, हा संसर्ग नाही," मी म्हणाले. "मी आता पट्टीशेजारी ठेवून फोटो काढते. तुम्ही आल्यावर परत काढते. दोन फोटो शेजारी ठेवून मोजू. वाढला की नाही ते स्पष्ट कळेल. तुमचं इथं असणं त्यासाठी गरजेचं नाही."

"तुझी पट्टी मिलिमीटरची. ह्याला कुठली पुरणार?"

हे त्यांचं बरोबर होतं, आणि काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते लगेच दिसलं, याचा मला क्षणभर आदर वाटला. मग मी मामीकडे पाहिलं आणि माझं मलाच वाईट वाटलं. ती दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी होती. नव्या चपलेतून तिनं एक पाय काढला होता. म्हणजे चप्पल चावत होती.

"डोळे नवे मिळाले," ती म्हणाली, बहुधा मला, "तर आधी काय बघितलं? हत्तीचा डाग. काल घरी येऊन माझ्याकडे बघून म्हणाले, अगं, भिंतीला रंग काढायला झाला की. माझे केस पांढरे झालेत, ते भिंतीवर मोजले असतील."

"तसं नाही गं," मामा म्हणाले. "तुझं मला आधीच दिसत होतं."

"मग एवढी वर्षं काय दिसलं?"

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी खिडकीतून हात केला. टॅक्सीवाल्यानंही हात केला आणि इंजिन बंद केलं.

मला वाटलं, आता मामी रडेल किंवा चिडेल. मी बॅगा परत आत आणायच्या तयारीत होते. तिनं काढलेला पाय चपलेत परत घातला, आत आली, टेबलाशी गेली. भिंग आणि डबी यांच्यामध्ये तिचा हात आला, आणि डबी उचलून तिनं पर्समध्ये टाकली. पर्सची चेन लावली.

"अगं, अगं! काय करतेस?"

"आजारी आहे ना? हवापालट करून आणते."

"वेडी आहेस का? गाडीत! प्रवासात! चोर काय वाट बघतच असतात! ठेव ते. ठेव म्हणतो ना."

"तुम्ही थांबा. बाकीचे आहेत की सोबतीला." तिनं एक बॅग उचलली. जड होती, तिचा खांदा खाली गेला. "ही शास्त्रज्ञबाई आहे, पट्टी आहे. मोजत बसा सगळे."

"त्याला एकट्याला नेणार तू?"

"काळजी असेल तर या सांभाळायला."

आणि ती जिन्याकडे गेली. तिच्या नव्या चपलेचा आवाज एकेका पायरीवर यायचा, मध्ये थांबायचा, परत यायचा. ती मुद्दाम थांबत नव्हती. बॅगच जड होती.

मामा खोलीच्या मध्यावर उभे होते. एका बाजूला पलंगावरचा खण, दुसऱ्या बाजूला दार. मला त्या क्षणी कुतूहलच होतं, आणि त्याची आता थोडी लाज वाटते. हा माणूस कुठं ओढला जातो ते मी बघत होते. त्यांचा उजवा हात गळ्याशी गेला, सदऱ्याच्या आत, आणि कपाटाची किल्ली अडकवलेला दोरा त्यांनी डोक्यावरून काढला. दोरा कानाला अडकला. मी सोडवला.

"रोज एकदा उघडून बघ," ते म्हणाले. "डबी उघडायची नाही, खण उघडायचा. हरीण तांबूस दिसेल, घाबरू नको. ते बावीस कॅरटचं आहे, त्यात तांबं असतंच. बेल वाजली तर साखळी न काढता बोल. आणि..." त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण खालून टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला. ते दुसरी बॅग घेऊन निघाले. पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी विसरले. मी मागे धावले आणि पहिल्या मजल्यावर त्यांच्या हातात दिली.

मी परत वर आले तेव्हा खिडकीतून मला टॅक्सीतलं थोडं दिसत होतं. मामी मागच्या सीटवर, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मामांनी बाटली तिच्याकडे दिली, बसले आणि तळहात पुढे केला. मामीनं त्यांच्या तळहातावर पाण्याची बाटली ठेवली आणि डोकं मागे टेकवून डोळे मिटले. टॅक्सी निघाली तेव्हा मामांची मान तिच्याकडे वळलेली होती. तिच्याकडे की पर्सकडे, ते तिसऱ्या मजल्यावरून सांगता येणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात दूध नव्हतं. दुकान समोरच होतं, रस्ता ओलांडला की. मी किल्ल्या घेतल्या, दार ओढलं, आणि परत उघडून आत गेले. कपाट ओढून पाहिलं. बंद होतं. परत बाहेर आले. जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या, त्यांनी मामी कशी आहे, कधी येणार असं विचारलं, आणि मी त्यांना धड उत्तर न देता माझ्या दाराकडेच बघत राहिले. दूध घेऊन येताना शेवटचा जिना मी धावत चढले. चप्पल न काढता कपाटापाशी गेले आणि खण उघडला. पांडा, कांगारू, गरुड सगळे जागच्या जागी होते. हत्तीचा खळगा रिकामा होता, तो तसाच असायला हवा होता. दुधाच्या पिशवीला कुठंतरी बारीक भोक होतं आणि फरशीवर दारापासून कपाटापर्यंत थेंबांची रांग लागली होती. ती पुसताना मला जाणवलं की माझे खांदे दुखतायत. मी काही उचललेलंही नव्हतं.

दुपारी ताईचा फोन आला. पोचले, ती म्हणाली. दोघं एकदमच दारात उभे राहिले, तेव्हा तिला आधी काय बोलावं तेच सुचलं नाही. नात दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मामीनं चप्पल काढली, टाचेला फोड आला होता, त्यावर काही लावूनही घेतलं नाही. जेवते का, विचारलं तर म्हणाली, जरा पडते.

"आईला दुपारची झोपलेली मी कधी बघितलंच नव्हतं गं," ताई म्हणाली. "घोरतेय. बाबांना देते."

मामा फोनवर आले. इतक्या हळू बोलत होते की मला फोन कानावर दाबून धरावा लागला.

"गोठा?"

"ठीक आहे, मामा. सगळे ठीक."

"हं."

"हत्ती कसा आहे? ठिपका बघितलात?"

"नाही." कुठंतरी पंखा फिरत होता, आणि त्याच्यामागे एक लांब, जड, संथ श्वास ऐकू येत होता. "पर्स उशाखाली घेऊन झोपलीय. ओढली तर जागी होईल."

"मग?"

"मग काय. बसलोय."